माशाचे कडू पित्त

मासा चिरताना सुगरण एका गोष्टीस फार जपते. यकृताला लागून असलेली हिरवट पिशवी फुटली, की सारा मासा कडू होतो. म्हणून ती अलगद काढून टाकण्यात येते. परंतु वाचकहो, या कडू रसावर माशाचे आरोग्य किती अवलंबून असते, याची कल्पना आपणास क्वचितच असते.

पित्तातील महत्त्वाची द्रव्ये म्हणजे पित्ताम्ले. यकृत ती कोलेस्टेरॉलपासून तयार करते. साबणाने तेलकटपणा सुटून पाण्यात मिसळावा, तशी ही द्रव्ये अन्नातील स्नेहाचे सूक्ष्म कण करतात, आणि मग पाचकरसांना ते पचविणे सुलभ होते. काम संपताच त्यांतील बराचसा भाग आतड्यातून शोषला जाऊन पुन्हा यकृताकडे परततो.

नदीतील मासा नाना प्रकारचे अन्न शोधून खातो. तळ्यात किंवा जाळीच्या पिंजऱ्यात दाटीने वाढविलेल्या माशास मात्र आपण देऊ तेच खावे लागते. माशांचे कूट महाग असल्याने त्याच्या जागी सोयाबीनसारख्या पेंडी आल्या. त्यांत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसते, आणि पित्ताम्लांशी संयोग पावणारे टॉरीन हे द्रव्यही नसते. त्यातच खाद्यात तेल व पिष्ट यांचे प्रमाण वाढले, म्हणजे खर्च न झालेली शक्ती मेदाच्या रूपाने यकृतात साठू लागते. यकृत फुगते, फिकट पडते; माशाची वाढ मंदावते आणि मत्स्यपालकाचे कष्ट वाया जातात. जपानमध्ये माशांचे कूट कमी करून वाढविलेल्या काही समुद्री माशांची यकृते चक्क हिरवी पडली होती. खाद्यात टॉरीन मिसळताच हा विकार आटोक्यात आला.

पित्ताम्ले केवळ साबणाचे काम करीत नाहीत, हे 1999 मध्ये स्पष्ट झाले. पेशींतील एका विशिष्ट ग्राहक-प्रथिनाशी जोडली जाऊन ती मेद किती बनवावा व किती जाळावा, याचा जणू निरोपच पोचवितात. असे ग्राहक माशांतही आहेत. म्हणूनच चीनमधील संशोधकांनी गवत्या मासा, चिलापी इत्यादींच्या खाद्यात पित्ताम्ले मिसळून पाहिली. किलोभर खाद्यात मिलिग्रॅमने मोजण्याइतकीच मात्रा. तरीही अनेक प्रयोगांत यकृतातील मेद घटल्याचे आढळले.

परंतु अधिक घातले म्हणजे अधिक गुण येतो, असे नाही. जास्त पित्ताम्ले पेशींना इजाच करतात. शिवाय मूळ खाद्यच असमतोल असेल, तर वरून घातलेले औषध किती पुरणार? आपल्या रोहू-कटल्याच्या तळ्यांत कोंडा व शेंगदाण्याची पेंड घालण्याची जुनी रीत आहे. तेथेही प्रथिने, स्नेह आणि पिष्ट यांचा मेळ हाच पहिला उपाय होय.

जाता जाता घरातील मंडळींसाठी एक इशारा. माशांना पित्त दिल्याने लाभ होतो, म्हणून माणसाने माशाचे पित्त घ्यावे, असा अर्थ कोणीही काढू नये. औषध समजून रोहूची पित्ताची पिशवी गिळल्याने मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण आपल्या देशात आढळले आहेत, आणि शिजविल्याने हे विष नाहीसे होत नाही. सुगरणीची ती जुनी दक्षता केवळ चवीपुरती नव्हे. ती पिशवी काढून टाकावी, हेच उत्तम.