ओतलेले पाणी नको, तळ्यावर हक्क हवा

डिसेंबर २०१५ मध्ये फेसबुक कंपनीने 'फ्री बेसिक्स' योजनेसाठी वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या. सांगणे एकच : गरिबाला इंटरनेट फुकट! मात्र फुकट उघडणार होत्या त्या ठरावीक साइट, त्याही कंपनीच्या अटींवर. बाकीच्यांसाठी पैसे मोजायचे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी 'ट्राय'ने साइट पाहून वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली आणि भारतात ही योजना गुंडाळली गेली.

बंधुभगिनींनो, १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी कुणी वरून ओंजळीत ओतलेले पाणी मागितले नाही. चवदार तळ्यावरचा समान हक्क बजावला. आज घरात कुणी फुकटची योजना आणली, तर आईबापांनी आणि मुलांनीही विचारावे : यात काय मिळणार नाही, आणि ते ठरवणार कोण?