अपघातोत्तर स्मृती आणि सत्त्वावजय

भीषण वाहन अपघातातून वाचलेल्या रुग्णाचा अस्थिभंग सांधतो, व्रण भरतात, आणि ‘पुनर्जन्म झाला’ म्हणून आप्तेष्ट निश्चिंत होतात. काही आठवड्यांनी तोच रुग्ण अनिद्रा, छातीत धडधड, अग्निमांद्य या तक्रारी घेऊन आपल्या चिकित्सालयात येतो, किंवा औषधालयात झोपेचे औषध मागतो. स्वप्नात तोच प्रसंग दिसणे, ब्रेकच्या आवाजाने दचकणे, तो रस्ताच टाळणे, हे तो आपणहून सांगत नाही. ते विचारावे लागते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत ४,४३,३६६ व्यक्ती जखमी झाल्याची शासकीय नोंद आहे. हे ध्यानात घेता असा रुग्ण विरळा नव्हे.

अशा वेळी घरचे आणि कित्येकदा आपणही सांगतो, ‘ते सारे विसरून जा.’ अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह ही चरकोक्त सत्त्वावजयाची व्याख्या या सल्ल्याला आधार देते, असे वरवर वाटते. परंतु सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात मानस दोषांवरील उपायांत ज्ञान, विज्ञान, धैर्य आणि समाधी यांच्यासमवेत ‘स्मृती’ही गणली आहे. स्मृती हेच जेथे औषध, तेथे विस्मरण ही चिकित्सा कशी ठरेल? येथे अहितकर आहे ती आठवण नव्हे, तर तिच्यापासून चाललेले पलायन होय, असा अर्थ घेणे युक्त वाटते.

आधुनिक मानसशास्त्राचा अनुभवही याला पूरक आहे. प्रसंग टाळल्याने क्षणभर बरे वाटते. पण धोका संपला आहे हे मनाला शिकण्याची संधीच मिळत नाही आणि भय टिकून राहते. म्हणून भयाला क्रमाक्रमाने, सुरक्षित वातावरणात सामोरे नेतात. आधी उभ्या वाहनात बसणे, मग सोबतीने जवळचा फेरा, शेवटी तो रस्ता. मात्र पहिल्याच भेटीत सारी हकीकत वदवून घेण्याचा आग्रह नसावा. रुग्ण बोलेल तेवढे शांतपणे ऐकावे.

भयाने वातप्रकोप होतो. भयज अतिसारात चरकांनी वातहर चिकित्सेसह हर्षण व आश्वासन सांगितले आहे. तेच सूत्र येथे उपयोगी पडते. अभ्यंग, नियमित आहार व निद्राकाल यांनी शरीर स्थिरावते. अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी यांची योजना साहाय्यक समजावी. केवळ त्यांनी भय जाईल, असे आश्वासन देऊ नये. रुग्ण झोपेच्या गोळ्या घेत असल्यास तंद्रा वाढू शकते, हे औषधालयचालकांनी आवर्जून विचारावे. सर्पगंधायुक्त कल्प परस्पर देऊ नयेत. त्यांनी विषाद वाढण्याचा संभव असतो.

बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांत ओसरतात. ती महिन्याहून अधिक टिकून दैनंदिन व्यवहार अडवीत असतील, तर आघातोत्तर तणाव विकाराची शंका घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. मद्यपान वाढले असेल वा आत्मघाताचे विचार असतील, तर विलंब करूच नये. १०ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. वाढती डोकेदुखी, वांती वा गोंधळलेपणा दिसल्यास तो मनोविकार न मानता प्रथम मस्तिष्काची तपासणी करवून घ्यावी. वृद्धांत मस्तिष्कावरणातील रक्तस्राव आठवड्यांनंतरही प्रकट होतो.

‘विसरा’ म्हणणे सोपे असते. ‘आठवले तरी आता आपण सुरक्षित आहात’, हे रुग्णाच्या अनुभवास आणून देणे, हाच येथील सत्त्वावजय होय.