घड्याळाच्या पोटातली कुंडली

नाशिकच्या जुन्या पेठेतला एखादा वाडा पाडायला काढला, की दिवाणखान्यातले टोलांचे घड्याळ खाली उतरते आणि प्रश्न निघतो : याचे किती येतील? उत्तराचा मोठा भाग ते घड्याळच पोटात बाळगून असते.

गोदाकाठच्या नारोशंकराच्या घंटेवर 1721 हे साल उघड दिसते. घड्याळे मात्र वय गुपचूप लिहून ठेवतात. अमेरिकेच्या सेठ थॉमस कंपनीचे जुने घड्याळ पालथे केले, तर पेटीच्या पाठीवर किंवा बुडाशी पुसट शिक्का सापडू शकतो : 8981 आणि पुढे इंग्रजी ‘सी’. आकडे उलटे वाचायचे, 1898. ‘सी’ तिसरे अक्षर, म्हणून मार्च. सव्वाशे वर्षांपूर्वीचा नेमका महिना तुमच्या हातात! सायलेशियातल्या गुस्ताव बेकरच्या यंत्रावर क्रमांक असतो. 1892 च्या सुमारास या कंपनीने दहा लाखांचा आकडा गाठला. त्यावरून आपले घड्याळ आधीचे की नंतरचे, हे कळते.

पण नुसत्या वयाला भाव मिळत नाही. पेटी, यंत्र, तबकडी, काटे आणि लंबक जन्मापासून एकत्र आहेत का, यावर किंमत ठरते. यंत्र ज्या फळीवर बसते तिथे रिकामी स्क्रूची भोके दिसली, तर समजावे की यंत्र बदलले आहे आणि भाव उतरला. लंबकाचेही तसेच. अनेक जर्मन घड्याळांत त्याचा दांडा लाकडी असतो, आणि त्याला कारण आहे. पोलादी दांडा उष्णतेने लांबतो. हिवाळ्यातल्या 10 अंशांवर वेळ अचूक लावलेले घड्याळ उन्हाळ्यातल्या 40 अंशांत रोज सुमारे 15 सेकंद मागे पडते. लाकूड याच्या निम्म्याहूनही कमी लांबते. मूळ दांडा जाऊन लोखंडी सळई आली, की किंमत जाते आणि हे शहाणपणही जाते.

यंत्राच्या पितळी पत्र्यावर कधी सुईने कोरलेली तारीख आढळते. ती घड्याळ उघडून साफ करणाऱ्या कारागिराची. हा ओरखडा दोष मानू नका, तो घड्याळाच्या आयुष्याचा पुरावा आहे.

परदेशी लिलावांतले आकडे पाहून मात्र हुरळून जाऊ नये. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. अशा घड्याळाला गिऱ्हाईक इथलेच मिळणार आणि भावही इथलाच.

म्हणून विकण्याआधी पेटीला नवे पॉलिश लावू नका, तबकडी रंगवून घेऊ नका, बंद यंत्र काढून सेलचे बसवू नका. मागची बाजू उघडा, शिक्का आणि क्रमांक टिपून घ्या, फोटो काढा. मगच कुणाला भाव विचारा.