फायबर होडीची गेलेली चकाकी
जुन्या फायबर होडीच्या बाजूवरून बोट फिरवा. पांढरी भुकटी लागली, तर उन्हाने वरचा थर, म्हणजे जेलकोट, खराब झालाय. आतलं फायबर बहुधा शाबूत असतं. मासेमारीच्या पावसाळी बंदीत होडी वर ओढलेली असते, तेव्हा शेडखालीच हे काम उरका. साबण लावून गोड्या पाण्याने धुवा, सुकवा. मग रबिंग कंपाउंड, पॉलिशर मंद वेगावर, एका वेळी हातभर भाग. एका जागी रेंगाळू नका: जेलकोट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, कडांवर तर आणखीच पातळ. एवढ्याने भागलं नाही तरच १००० नंबरचा वॉटर पेपर, मग १५००, भरपूर पाणी मारत, आणि पुन्हा कंपाउंड. शेवटी वॅक्स. भुकटी न काढता थेट वॅक्स चोळणं म्हणजे पैसे पाण्यात! निळ्या-लाल होड्यांना वॅक्स वर्षातून दोनदा द्या, त्यांचा फिकटपणा लांबूनही दिसतो.