पडद्यावरून पाणवठ्यावर

‘अपरिचित’ हा डब केलेला सिनेमा टीव्हीवर किती वेळा लागला, याची गणती नाही. त्यातली नायिका सदा मूळची आपल्या रत्नागिरीची, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक. २००२ मध्ये तेजा यांच्या ‘जयम’ या तेलुगू सिनेमातून ती पडद्यावर आली. हाताने नायकाला ‘जा, जा’ म्हणून पिटाळण्याची तिची लकब तिकडे तुफान गाजली. पुढे शंकर यांचा ‘अन्नियन’ आला (२००५), तोच आपला ‘अपरिचित’. शिवाय कन्नड, थोडं हिंदी, टीव्हीवर नृत्याच्या कार्यक्रमाचं परीक्षण. आणि आता ती वन्यजीव छायाचित्रकार आहे.

नटीने कॅमेरा हाती घेणं नवं नाही. जीना लोलोब्रिजिडाने सत्तरच्या दशकात तेच केलं, फिडेल कास्ट्रोचेही फोटो काढले. सदाच्या बाबतीत मला वेगळंच वाटतं. दक्षिणेत परभाषक नायिकेच्या ओठांवर बरेचदा डबिंग कलाकाराचा आवाज असतो. फोटोत अशी उसनवारी नाही. चौकट चुकली तरी आपलीच.

ती चौकट साधणं किती अवघड, ते गोंदियाच्या नागझिऱ्यात कळतं. पहाटेच्या सफारीत बांबूखाली उजेड जेमतेम असतो. पळणारे रानकुत्रे टिपायचे तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं वेगवान लागतं, म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) चढवायचा आणि फोटोत दाणे येणार हे मान्य करायचं. जिप्सीत ट्रायपॉड सोयीचा नसतो. जड लेन्स कठड्यावरच्या बीनबॅगवर टेकवतात. चितळाचा धोक्याचा ‘कॉल’ आला की गाईड हात वर करतो, ड्रायव्हर इंजिन बंद करतो. मग नुसतं थांबायचं. सेटवर दिव्यांची मांडणी होईपर्यंत तासन् तास बसायची सवय इथे कामी येत असणार.

पावसाळ्यात जंगलाच्या कोअरचे (गाभा क्षेत्राचे) दरवाजे बंद होतात आणि वाघवेडे घरी परततात. याच दिवसांत गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत सारसांची जोडपी घरटी करतात. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः याच भागात. माणसाएवढा उंच पक्षी, त्यामुळे लांबूनही चौकट भरते. अट एवढीच, की शेतकऱ्याला विचारायचं, धुऱ्यावरच थांबायचं आणि सारस मान ताठ करून आपल्याकडे बघू लागला की मागे सरायचं.