जुन्या ग्रामोफोनचे मूल्यनिर्धारण व विक्री

जुन्या ग्रामोफोनचे मूल्यनिर्धारण म्हणजे चावीचे ग्रामोफोन, विजेवर चालणारे रेकॉर्ड प्लेयर आणि त्यांचे सुटे भाग यांची ओळख पटवून, अस्सलपणा व स्थिती तपासून बाजारातील योग्य किंमत ठरविण्याची प्रक्रिया होय. अशा यंत्राची किंमत केवळ वयावर अवलंबून नसते. निर्माता, नमुना, मूळ भागांचे प्रमाण, चालू स्थिती आणि मागणी यांवर ती ठरते. महाराष्ट्रात या वस्तूंचा व्यापार प्रामुख्याने मुंबई व पुणे येथे चालतो. आलापल्लीसारख्या दूरच्या गावांतील मालकांना मात्र बाजारभाव कळण्याची साधने कमी असल्याने ओळख पटण्यापूर्वीच यंत्र भंगारात जाण्याचा धोका असतो.

पार्श्वभूमी

थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. त्यात ध्वनी नळकांड्यावर मुद्रित होत असे. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीवर चालणाऱ्या ग्रामोफोनचे एकस्व घेतले. १८९८ मध्ये लंडन येथे ग्रामोफोन कंपनी स्थापन झाली. या कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग यांनी १९०२ च्या अखेरीस कलकत्ता येथे भारतीय गायकांचे ध्वनिमुद्रण केले. १९०८ मध्ये सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. पुढे उत्पादन दमदम येथे हलविण्यात आले.

मराठी नाट्यसंगीत, भावगीत व शास्त्रीय संगीत यांच्या तबकड्यांमुळे ग्रामोफोन महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. मुंबईत वडाळा येथे नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीने 'यंग इंडिया' या नावाने तबकड्या काढल्या. चावीच्या यंत्राला वीज लागत नसल्याने वीज न पोहोचलेल्या गावांतही ते वापरता येत असे.

त्या काळातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाख व खनिज भुकटी यांच्या मिश्रणापासून बनत. लाख ही पळस, बोर, कुसुम इत्यादी झाडांवरील किड्यांपासून मिळते. ही झाडे गडचिरोली जिल्ह्याच्या जंगलांतही आहेत. अशा तबकड्या ठिसूळ असल्याने पडताच फुटतात. १९४८ मध्ये अमेरिकेत व्हिनाइलची दीर्घवादी तबकडी बाजारात आली. भारतात मात्र ७८ फेऱ्यांच्या तबकड्या त्यानंतरही सुमारे दोन दशके निघत राहिल्या. बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या भारतात निघालेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना यामुळेच परदेशी संग्राहकांकडून मागणी असते.

यंत्रांचे प्रकार

किंमत ठरविताना यंत्र पुढीलपैकी कोणत्या प्रकारात मोडते हे प्रथम पाहिले जाते.

बाह्य कर्ण्याचा ग्रामोफोन: पेटीच्या वर मोठा कर्णा असलेले हे यंत्र प्रामुख्याने १९०० ते १९२५ या काळातील आहे. मूळ कर्णे बहुधा रंगविलेल्या पत्र्याचे असत. काही लाकडी वा पितळी असत. अस्सल व पूर्ण यंत्रे दुर्मीळ असल्याने त्यांना चांगली किंमत येते.

अंतर्गत कर्ण्याचा ग्रामोफोन: यात कर्णा पेटीच्या आत असतो. मेजावर ठेवण्याचा आणि कपाटासारखा उभा असे याचे दोन प्रकार आहेत. उष्ण व दमट हवामानासाठी सागवानी पेटीचे नमुनेही काढण्यात आले होते.

सुटकेसवजा ग्रामोफोन: हिज मास्टर्स व्हॉइसचे १०१ (१९२५ पासून) व १०२ (१९३१ पासून) हे नमुने यात मोडतात. ही यंत्रे मोठ्या संख्येने विकली गेली. ती सहज मिळतात व दुरुस्त होतात. त्यामुळे वय बरेच असूनही त्यांची किंमत मध्यम राहते.

विजेवरील रेकॉर्ड प्लेयर: एचएमव्ही 'फिएस्टा'सारखे भारतीय बनावटीचे सुटसुटीत प्लेयर १९६० व १९७० च्या दशकांत घरोघरी होते. त्यांचे मूल्य बरेचसे आठवणींशी जोडलेले असते. याउलट गॅरार्ड ३०१, थोरेन्स टीडी १२४ किंवा टेक्निक्स एसएल-१२०० यांसारखी उच्च दर्जाची यंत्रे आजही ऐकण्यासाठी विकत घेतली जातात. म्हणून वयाने लहान असूनही त्यांची किंमत अनेक चावीच्या यंत्रांपेक्षा अधिक असते.

ओळख पटविणे

यंत्राच्या झाकणाच्या आतील चित्रमुद्रा, मोटारीवरील क्रमांक, साउंडबॉक्सवरील नाव व क्रमांक आणि पेटीच्या तळाची चिठ्ठी यांवरून निर्माता व नमुना कळतो. एचएमव्हीच्या १०१ नमुन्यावर साधारणतः ४ क्रमांकाचा, तर १०२ वर ५-ए किंवा ५-बी क्रमांकाचा साउंडबॉक्स असतो. क्रमांक न जुळल्यास भाग बदललेला असण्याची शक्यता असते. विक्रेत्याचे नाव असलेली जुनी पितळी पट्टी, खरेदीची पावती किंवा सुयांची मूळ डबी सोबत असल्यास वस्तूचा इतिहास सिद्ध होण्यास मदत होते.

बनावट यंत्रे

चकाकणारा पितळी कर्णा, चौकोनी वा अष्टकोनी कोरीव पेटी आणि समोर कुत्र्याचे चित्र असलेली पितळी पट्टी अशा स्वरूपाचे ग्रामोफोन भारतातील पर्यटनस्थळी व जुन्या बाजारांत मोठ्या प्रमाणावर आढळतात. यांतील बहुसंख्य यंत्रे अलीकडे जोडलेली असतात. त्यांत पेटी व कर्णा नवा असतो आणि मोटार एखाद्या मोडलेल्या सुटकेसवजा ग्रामोफोनमधून काढलेली असते. अशा जोडकामामुळे खरेदीदाराची फसवणूक होते आणि अस्सल यंत्रही नष्ट होते.

बनावट यंत्राची पुढील लक्षणे सांगितली जातात.

* कुत्र्याचे चित्र धातूच्या पट्टीवर कोरलेले असते. मूळ यंत्रांवर ते बहुधा छापील चित्रमुद्रेच्या रूपात लाकडावर उमटविलेले असे.
* कर्ण्याला पेटीशी जोडणारी नळी जाड व ओबडधोबड असते.
* पेटीच्या आकाराच्या मानाने फिरणारी थाळी लहान असते.
* लाकूड आतून ताजे व फिके असते. स्क्रू नव्या पद्धतीचे असतात.
* चावीचे भोक नंतर पाडल्यासारखे दिसते.

केवळ सागवानी पेटी हा अस्सलपणाचा पुरावा ठरत नाही. नवी पेटीही सागाची असू शकते, तर अनेक मूळ इंग्रजी पेट्या ओक किंवा महॉगनीच्या आहेत. जोडलेले यंत्र शोभेची वस्तू म्हणून विकता येते. मात्र ते मूळ जुने यंत्र असल्याचे सांगून विकणे ही फसवणूक ठरते.

स्थितीची तपासणी

चावीच्या यंत्रात मुख्य स्प्रिंग अखंड आहे का हे प्रथम पाहतात. चावी फिरविताना ताण न येणे किंवा मध्येच धक्का बसणे हे स्प्रिंग तुटल्याचे वा ग्रीस घट्ट झाल्याचे लक्षण असते. वेग तपासण्यासाठी थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी लावून एका मिनिटातील फेऱ्या मोजतात. त्या ७८ च्या आसपास असाव्या लागतात. साउंडबॉक्समधील अभ्रकाचा वा ॲल्युमिनियमचा पडदा फाटलेला नसावा. त्याभोवतीचे रबर कडक झाले असल्यास आवाज खरखरीत येतो. हा दोष दुरुस्त होण्याजोगा असतो. काही यंत्रांत स्वस्त मिश्रधातूचे भाग काळानुसार फुगून तडकतात. असे भाग मात्र बदलावेच लागतात.

विजेवरील प्लेयरमध्ये सुई, पिकअप, रबरी चाक व पट्टा हे भाग लवकर खराब होतात. जुन्या स्फटिक पिकअपला दमट हवा मानवत नाही. अमेरिकेतून आणलेले ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचे यंत्र भारतात केवळ व्होल्टेज बदलून नीट चालत नाही. त्याची मोटार विजेच्या वारंवारतेवर चालत असल्यास ५० हर्ट्झवर ३३⅓ ऐवजी सुमारे २८ फेऱ्याच होतात व गाणे मंद ऐकू येते.

विक्रीपूर्वी पेटी घासून नवे पॉलिश करणे किंवा कर्णा रंगविणे टाळले जाते. मूळ रंग व चित्रमुद्रा एकदा गेल्यावर परत मिळत नाहीत. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसणे पुरेसे असते. स्प्रिंगचा डबा अननुभवी व्यक्तीने उघडणे धोक्याचे आहे. ताणलेली स्प्रिंग बाहेर उसळून गंभीर इजा होऊ शकते.

किंमत काढण्याची पद्धत

विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती व प्रत्यक्ष मिळालेल्या किमती यांत मोठा फरक असतो. म्हणून त्याच नमुन्याच्या, तशाच स्थितीतील यंत्रांच्या पूर्ण झालेल्या व्यवहारांची तुलना केली जाते. लिलावगृहांचे निकाल व लिलाव संकेतस्थळांवरील विकल्या गेलेल्या वस्तूंची नोंद यासाठी उपयोगी पडते. परदेशातील किंमत रुपयांत बदलून भारतात जशीच्या तशी लावता येत नाही. तेथील मागणी, वाहतूकखर्च व कर वेगळे असतात.

तुलनेतून मिळालेल्या किमतीतून दुरुस्ती, बांधणी व वाहतूक यांचा खर्च वजा करतात. उदाहरणार्थ, चालू स्थितीतील एखादे यंत्र १५,००० रुपयांना विकले जाते असे मानले व हातातील यंत्राला दुरुस्तीसाठी ४,००० आणि पाठवणीसाठी १,५०० रुपये लागणार असतील, तर मालकासाठी त्याचे मूल्य सुमारे ९,५०० रुपये होते. व्यापारी याहून कमी देतो, कारण दुकानाचा खर्च, नफा व माल पडून राहण्याची जोखीम त्याला धरावी लागते. विमा, वाटणी व विक्री या तिन्हींसाठी एकाच वस्तूचे मूल्य वेगवेगळे धरले जाऊ शकते.

यंत्रासोबत असलेल्या तबकड्यांची यादी स्वतंत्र करावी लागते. सामान्य यंत्रासोबत दुर्मीळ तबकड्या असणे किंवा याच्या उलट असणे शक्य असते. सगळे एकगठ्ठा विकल्यास अधिक मोलाच्या वस्तूची किंमत लपून जाते.

विक्रीचे मार्ग

मुंबईतील चोर बाजाराची मटन स्ट्रीट ही जुन्या वस्तूंच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. पुण्यात रविवार व बुधवारी भरणारा जुना बाजार ओळखीचा आहे. दुकानदाराकडे पैसे लगेच मिळतात, परंतु किंमत कमी येते. संग्राहकाला थेट विकल्यास किंमत बरी मिळते, मात्र योग्य ग्राहक शोधण्यास वेळ लागतो. लिलावगृहे सहसा निवडक व दुर्मीळ वस्तूच स्वीकारतात व दलाली आकारतात.

१९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने जुन्या तबकड्यांचे संग्राहक व अभ्यासक यांना एकत्र आणले. तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातील लेख व सूची तबकड्यांची ओळख पटविण्यासाठी वापरल्या जातात.

आलापल्ली व परिसर

आलापल्ली हे गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील गाव सागवानी जंगलासाठी प्रसिद्ध आहे. १९८२ पर्यंत हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. येथील लाकूड आगारात सागाच्या ओंडक्यांचे मोजमाप व प्रतवारी होते, त्यांचे लॉट पाडले जातात, खरेदीदार माल पाहतात आणि मग बोली लागते. जुन्या यंत्रांसाठी अशी उघड व्यवस्था नाही. दारावर येणारा फेरीवाला किंवा भंगार खरेदीदार हाच अनेकदा पहिला व शेवटचा ग्राहक ठरतो आणि तो पितळ वा लोखंड यांच्या वजनावर भाव सांगतो.

अशा ठिकाणी प्रतवारीचे काम मालकालाच करावे लागते. यंत्राची सर्व बाजूंनी, झाकणाच्या आतील व क्रमांकांची छायाचित्रे घेऊन, चालू स्थितीची ध्वनिचित्रफीत काढून ती दोन-तीन वेगवेगळ्या जाणकारांना पाठविल्यास घर न सोडता भावाचा अंदाज येतो. एकाच खरेदीदाराने सांगितलेली किंमत अंतिम मानली जात नाही. या परिसरातील पावसाळ्याची दमट हवा व वाळवी यांपासून यंत्र जपणेही आवश्यक असते. साग वाळवीला बऱ्यापैकी तोंड देतो, परंतु प्लायवूड, कापड व पुठ्ठा यांना लवकर कीड लागते.

दूरवर पाठविताना स्प्रिंगचा ताण पूर्ण उतरवितात. साउंडबॉक्स, थाळी व कर्णा काढून वेगळे गुंडाळतात आणि ध्वनिभुजा बांधून ठेवतात. तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवतात.

कायदेशीर बाबी

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान १०० वर्षे जुन्या कलाकुसरीच्या, तसेच विज्ञान, कला वा गतकालीन चालीरीतींचे दर्शन घडविणाऱ्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात. खाजगी व्यक्तीला त्यांची निर्यात करता येत नाही आणि त्यांच्या व्यापारासाठी परवाना लागतो. १९२० च्या दशकातील यंत्रे आता या मर्यादेत येऊ लागली आहेत. त्यामुळे परदेशी ग्राहकाला विकण्यापूर्वी वस्तू पुरावशेष नसल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे प्रमाणपत्र घेणे हिताचे असते.

विक्रीऐवजी जतन

बाजारात फारशी किंमत नसलेल्या यंत्राचेही स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्व असू शकते. ते कोणी, कोठून व कधी घेतले, त्यावर कोणती गाणी वाजत, ही माहिती घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घेऊन यंत्रासोबत ठेवल्यास ते शाळा, ग्रंथालय किंवा संग्रहालय यांना देण्याजोगे होते. यंत्र विकले गेले, तरी ही नोंद सोबत गेल्यास नव्या मालकाला त्याचा इतिहास कळतो.