पिठ्या ढेकणाची मिटलेली गुणसूत्रे

सांगलीच्या विश्रामबागेपासून फार दूर नसलेल्या मिरज-तासगाव पट्ट्यातील द्राक्षबागायतदार ज्या पिठ्या ढेकणाला घड चिकट आणि काळे करणारी कीड म्हणून ओळखतात, त्याच्या पेशींत जनुकांच्या नियमनाचे एक विलक्षण उदाहरण आढळते.

कोणत्याही प्राण्याच्या पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि या संयुक्त रचनेला क्रोमॅटिन म्हणतात. ही रचना सैल असेल तेथे जनुक वाचणारी प्रथिने डीएनएपर्यंत पोहोचतात व जनुक कार्यरत होते. ती घट्ट आवळली गेली, तर जनुक शाबूत असूनही निष्क्रिय राहते. यकृताची पेशी आणि चेतापेशी यांच्यातील जनुके सारखीच असूनही त्यांची कामे वेगळी असतात, त्याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

पिठ्या ढेकणात लिंग ठरवणारी स्वतंत्र गुणसूत्रे नसतात. त्याच्या अनेक जातींत नर व मादी या दोघांनाही आईकडून पाच आणि बापाकडून पाच अशी दहा गुणसूत्रे मिळतात. परंतु नराच्या भ्रूणावस्थेतच बापाकडून आलेला संच घट्ट आवळला जातो, तर मादीत दोन्ही संच सैल राहतात. 1961 साली स्पेन्सर ब्राऊन आणि वॉल्टर नेल्सन-रीस यांनी लिंबूवर्गीय झाडांवरील जातीच्या नरांना क्ष-किरणांचा मारा देऊन त्यांची संतती तपासली, तेव्हा तीव्र मात्रेनंतर मुली जगल्या नाहीत, मुलगे मात्र जगले. कारण बापाची बिघडलेली जनुके मुलग्यांत मुळातच बहुतांशी मिटलेली होती.

या आवळलेल्या संचातील हिस्टोनवर मिथाइल गटांच्या विशिष्ट खुणा आढळतात आणि त्या खुणांना चिकटणारी प्रथिने क्रोमॅटिन दाबून धरतात. तथापि ही अवस्था सर्व पेशींत सारखी नसते. नराच्या आतड्याचा काही भाग आणि उत्सर्जनाच्या नलिका यांसारख्या ऊतींत बापाचा संच पुन्हा सैल होतो.

शुक्राणू तयार होताना बापाचा संच गळून पडतो आणि केवळ आईचा संच पुढे जातो. नराच्या शरीरात कार्यरत असलेली हीच गुणसूत्रे त्याच्या मुलात मात्र बापाकडून आलेली ठरतात व मिटतात. म्हणजे डीएनएची अक्षरे तीच राहून, ती कोणाकडून आली आणि कोणत्या पेशीत आहेत, यावर त्यांचे वाचन अवलंबून राहते.